बाबा भिंतीत मिसळले

घरातली एक भिंत रंगवायची, एवढंच ठरलं होतं. भिंत तरी केवढी? बाबा खुर्चीत बसले की त्यांच्या पाठीमागे उरते तेवढी. पण आमच्या घरात कुठलीच गोष्ट 'एवढंच'वर थांबत नाही. इंजिनिअरिंग सोडलं तेव्हाही मी फक्त एवढंच म्हणालो होतो, की उद्या कॉलेजला जात नाही. (त्या 'उद्या'ला आता दुसरं वर्ष चालू आहे.)

बाबा इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. शाळेने त्यांना निरोप दिला, एक भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि त्या दिवसापासून अख्ख्या शाळेच्या वाटचं शिकवणं माझ्या एकट्याच्या डोक्यावर येऊन आदळलं. सकाळी दात घासताना एक फ्रेझल व्हर्ब, रात्री जेवताना एक. फ्रेझल व्हर्ब म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी आपल्या आईवडिलांचे आभार मानावेत. चांगल्या चालत्याबोलत्या क्रियापदाच्या मागे 'इन', 'आउट', 'अप' असलं एखादं शेपूट लावायचं. शेपूट लागलं की अर्थ उधळतो आणि आपण त्याच्या मागे धावायचं.

"गिव्ह म्हणजे देणे," बाबा म्हणायचे. "आणि गिव्ह अप म्हणजे?"

मी ब्रश जोरजोरात घासायला लागायचो.

"अर्धवट सोडून देणे," बाबा म्हणायचे, आणि माझ्याकडे बघायचे.

बाबांची सगळी उदाहरणं शेवटी माझ्यापाशी येऊन थांबत. मी रंगाच्या दुकानात काम करतो. मशीनवर रंग बनवतो, डबे हलवतो, पुट्टीची पोती उतरवतो. पण फोनवर कुणी नातेवाइकाने विचारलं, "मुलगा काय करतो?" तर बाबांचं उत्तर ठरलेलं: "सध्या विचार करतोय." म्हणजे तिकडे माझ्या पाठीवर पोतं, आणि इकडे मी विचार करतोय.

आईला दोघांचाही कंटाळा आला होता. तिने शेजाऱ्यांच्या मुलीला विचारून घरबसल्या कॉम्प्युटरवर शिकवणी देणाऱ्या कंपन्या शोधल्या. पहिलीने बाबांना वय विचारलं. दुसरीने न विचारताच ओळखलं. दुसरा नकार आला त्यानंतर बाबांनी मला आठवडाभर एकही फ्रेझल व्हर्ब शिकवलं नाही. जेवताना नुसतं म्हणायचे, "मीठ दे." मीठ दे! त्यात ना इन, ना आउट. आई घाबरली. मी घाबरलो नाही, पण मिठाचा डबा त्यांच्याजवळच ठेवायला लागलो.

मग तिसऱ्या कंपनीचा फोन आला. रविवारी सकाळी चाचणीचा वर्ग घ्यायचा, खरी मुलं असतील, कंपनीच्या मॅडम बघत बसतील, आणि जमलं तर काम पक्कं. विषयही त्यांनीच दिला. फ्रेझल व्हर्ब: ब्लेंड इन.

त्या रात्री बाबा जेवताना पुन्हा बोलू लागले.

"ब्लेंड म्हणजे मिसळणे. घुसळून एकजीव करणे. तुझी आई मिक्सरमध्ये करते ते. पण ब्लेंड इन म्हणजे आपण आजूबाजूच्यांत असं मिसळून जायचं, की वेगळे म्हणून ओळखूच येऊ नये. सरडा पानांत करतो ते. द न्यू बॉय ब्लेंडेड इन. नवा मुलगा वर्गात मिसळून गेला." मग एक घोट पाणी. "नकारार्थी उदाहरण घरातच आहे."

"मी दिवसभर रंगच मिसळतो," मी म्हणालो.

"ते नुसतं ब्लेंड. त्याला 'इन' नाही."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. आईने मात्र नि:श्वास सोडला. नवऱ्याला कंठ फुटला होता, मुलाचा गळा दाबला गेला तरी हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी कॅमेरा कसा दिसतो ते तपासायला फोन केला. त्यांच्या प्रोग्रॅमची एक गंमत होती. माणसाच्या मागची एका रंगाची भिंत तो ओळखायचा, ती आख्खी पुसून टाकायचा आणि तिच्या जागी वर्गाचं चित्र लावायचा: फळा, खिडकी, टेबलावर पृथ्वीचा गोल. घर कसंही असो, शिक्षक वर्गात बसल्यासारखा दिसला पाहिजे. बाबा बसले, भिंत पुसली गेली, वर्ग आला. पण आमच्या भिंतीवर ओलीचा एक तपकिरी डाग होता. तो एका रंगात बसेना, म्हणून प्रोग्रॅमने त्याला हात लावला नाही. भिंत गेली आणि डाग तेवढा राहिला, फळ्याशेजारी हवेत.

"सर," मॅडम म्हणाल्या, "तुमच्या मागे काहीतरी लोंबतंय."

"ती आमची भिंत आहे," बाबा म्हणाले.

"भिंत एकसारखी हवी सर. सगळी एका रंगाची. नाहीतर मुलांचं लक्ष जातं."

म्हणून भिंत रंगवायची ठरलं. एवढंच.

आता घरात रंगाच्या दुकानात काम करणारा एक माणूस आहे म्हटल्यावर त्याला विचारायचं की नाही? नाही. आधी काकांना बोलावलं. काका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, एका कचेरीत जन्मभर हिशेब लिहून निवृत्त झालेले. रंगाचा त्यांचा संबंध लाल शाई आणि निळी शाई इथपर्यंतच. पण वय जास्त असल्यामुळे मत जास्त.

"चादर लावा," काका म्हणाले.

"चादरीपुढे बसायला मी काय पासपोर्टचा फोटो काढतोय?" बाबा म्हणाले.

मी शेड कार्ड पुढे केलं. बाबांनी चष्मा लावून ते उलटसुलट वाचलं आणि रंगांच्या नावांतलं इंग्रजी कसं चुकीचं आहे यावर बोलायला लागले. आईला पिवळा हवा होता. काकांना 'काहीही चालेल, पण पिवळा नको'. शेवटी बाबा उठले, कपाटातून आपला शर्ट काढला आणि माझ्या पुढ्यात टाकला.

तो शर्ट मला चांगलाच माहीत होता. जुन्या वेलदोड्याच्या सालीसारखा रंग, हिरवा म्हणावा तर राखाडी, राखाडी म्हणावा तर रागावेल. अर्ध्या बाह्यांचा. प्रत्येक महत्त्वाच्या दिवशी बाबा तो घालत आले आहेत. मुलाखत, तपासणी, बक्षीस समारंभ, माझ्या कॉलेजच्या प्राचार्यांची भेट.

"हा रंग आण. हाच. या रंगाचा गुण आहे, हा बघून वर्ग शांत बसतो."

(मी दोन वर्षं त्यांच्या वर्गात होतो. वर्गाला झोप यायची. पण ते असो.)

"कापडावरून तंतोतंत रंग येत नसतो," मी म्हणालो.

"बघ, म्हणजे जमत नाही."

"जमलं तर?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "जमलं तर तू जे करतोस त्याला मी काम म्हणेन. फोनवरसुद्धा."

इथे माझं डोकं फिरलं. माणसाने रागात भिंतीवर डोकं आपटू नये म्हणतात. रागात भिंत रंगवूही नये, हे कुणी सांगत नाही.

दुकानाचे मालक शर्ट बघून हसले. "अरे, कापड वेगळं, भिंत वेगळी. जवळपास आणून दे. लोकांना कळत नाही."

"यांना कळतं," मी म्हणालो.

आमच्याकडे रंग वाचायचं एक छोटं यंत्र आहे. नमुना त्याच्या डोळ्यापुढे धरला की ते सांगतं, पांढऱ्या बेसमध्ये काय काय किती टाकायचं. पण ते फक्त पत्ता सांगतं, घरापर्यंत चालत आपल्यालाच जावं लागतं. पहिला पुठ्ठा रंगवून वाळवला तर हिरवा ओरडत होता. लाल रंगाचा जेमतेम एक थेंब टाकून त्याचं तोंड बंद केलं. मग राखाडी पुढे आला. त्याला पिवळ्याने मागे ढकललं. चकाकी अजिबात नको होती, कारण शर्ट धुवून धुवून मेला होता. म्हणून अगदी मॅट बेस घेतला. ओला रंग वेगळा दिसतो, वाळलेला वेगळा, म्हणून प्रत्येक पुठ्ठा पंख्याखाली धरून बसलो. गिऱ्हाइकं ताटकळत होती. मालक शिव्या घालत होते. आणि शेवटच्या पुठ्ठ्यावर शर्ट ठेवला, तर शर्टची कड सापडेना.

मालकांनी शर्ट उचलला, ठेवला, चष्मा पुसला, पुन्हा ठेवला.

"पोरा," ते म्हणाले, "तू वाया गेलेला नाहीस."

आमच्या घरी येऊन हेच वाक्य म्हणाल का, असं मी विचारणार होतो. पण तेवढ्यात त्यांनी मला डबे उतरवायला पिटाळलं.

शनिवारी डाग खरवडला, पुट्टी भरली, घासली, पहिला हात दिला. दुसरा हात रविवारी भल्या सकाळी. माझ्या अंगावर दुकानाचा पांढरा टी-शर्ट होता. छताजवळ रोलर फिरवताना त्याच्यावर छातीभर, पोटभर शिंतोडे उडाले. मला त्याचं काही वाटलं नाही. आमच्या धंद्यात स्वच्छ टी-शर्ट म्हणजे कामचुकारपणा.

भिंत वाळली. घरातले सगळे जमले. काकांनी शर्ट हातात घेतला आणि समारंभपूर्वक भिंतीवर धरला.

शर्ट गेला. नुसती बटणं राहिली, आणि खिशाला अडकवलेलं पेन.

"अगंबाई!" आई म्हणाली. "दिसेनासाच झाला की!"

काकांनी शर्ट डावीकडे नेला, उजवीकडे नेला. "कमाल आहे. हिशेबात असा ताळा जुळत नाही."

बाबा भिंतीच्या अगदी जवळ गेले. मग भिंतीला हात न लावता म्हणाले, "तंतोतंत."

त्या एका शब्दावर मी काय काय बांधलं! त्या क्षणी त्या खोलीत चार मोठी माणसं होती. एक शिक्षक, एक हिशेबनीस, एक घर चालवणारी बाई आणि एक रंगतज्ज्ञ. चौघांपैकी एकाच्याही डोक्यात साधा विचार आला नाही. आईने तो शर्ट घेतला आणि वर्गासाठी इस्त्री करायला गेली.

एकदा कॅमेरा लावून बघू या, असं मी म्हणालो होतो. तेवढं नोंदवून ठेवतो. बाबा म्हणाले, "मी आयुष्यात तालीम करून वर्गात गेलो नाही." शिवाय पडद्याच्या कोपऱ्यात आपलाच चेहरा दिसतो, तो त्यांना नको होता. "स्वतःकडे बघत शिकवायचं म्हणजे वर्गात आरसा घेऊन जाण्यासारखं आहे." त्यांनी त्या कोपऱ्यावर कागदाचा तुकडा चिकटवला.

वर्ग सुरू व्हायच्या वेळी बाबा बाहेरच्या खोलीत खुर्चीत, दार लोटलेलं. मी आणि आई स्वयंपाकघरात, माझ्या मोबाइलवर बघत. काका आतल्या खोलीत त्यांच्या मोबाइलवर, विद्यार्थी म्हणून. ही बाबांचीच कल्पना. वर्गात एक तरी हुशार मूल असलेलं बरं, म्हणून त्यांनी सख्ख्या मोठ्या भावाला आठवीत बसवलं होतं.

पडदा उजळला. भिंत पुसली गेली. फळा आला, खिडकी आली, पृथ्वीचा गोल आला.

आणि बाबांचं डोकं आलं.

नुसतं डोकं. मानेखाली काही नाही. कोपरापासून पुढे दोन हात, त्या अधांतरी डोक्याच्या आजूबाजूला फिरत होते. मध्ये बटणांची रांग. डाव्या बाजूला एक पेन, कशालाच अडकवलेलं नाही. छातीच्या जागी फळा आणि पोटाच्या जागी पृथ्वी. साऱ्या जगाचे अपराध आपणच पोटात घालतो, असं बाबांना पहिल्यापासून वाटतं. आज जग प्रत्यक्षच पोटात होतं.

"हे असंच असतं का?" आईने हळूच विचारलं.

"नाही," मी म्हणालो. इतका अचूक रंग मी आयुष्यात बनवला नव्हता.

"गुड मॉर्निंग, चिल्ड्रन!" डोकं म्हणालं.

मुलांकडून नुसता 'हा!' असा एक मोठा श्वास आला.

"सर," मॅडम घाईघाईने म्हणाल्या, "एक मिनिट. आपण पूर्ण दिसत नाही आहात."

"मॅडम, शिक्षक पूर्ण दिसायला वर्षं जावी लागतात," बाबा म्हणाले.

"तसं नाही सर. फक्त डोकं दिसतंय."

"शिकवायला तेवढंच लागतं."

"सर, मानेखाली काहीच नाहीये!"

बाबा दुखावले. "मॅडम, मी पूर्ण कपड्यांत बसलो आहे. इस्त्रीच्या. आता वर्ग सुरू करू का?"

मॅडम गप्प झाल्या. बाबांचा आवाज तसा आहे. मुख्याध्यापकसुद्धा गप्प व्हायचे.

"तर मुलांनो, ब्लेंड इन. म्हणजे भोवतालात इतकं मिसळून जायचं, की आपण दिसूच नये."

खी खी खी, असा एक आवाज आला. मग दुसरा. मग एका मुलाने धीर केला. "सर, तुमच्या पोटात पृथ्वी आहे!"

"छान कल्पना आहे. निबंधात वापर."

"सर, खरंच आहे!"

तेवढ्यात आठवीतल्या हुशार मुलाने माइक चालू केला आणि खोकून विचारलं, "अरे, तुझं पोट कुठे गेलं?"

"मागच्या बाकावरचे," बाबा कडाडले, "तोंड बंद!"

आतल्या खोलीतून काका तरातरा स्वयंपाकघरात आले. "मला तोंड बंद म्हणाला! मला! वडील गेले तेव्हा मी त्याला..."

"भावजी, नंतर," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरून आले होते. "अरे, हीसुद्धा गेली रे कंपनी. आता पुन्हा नुसतं मीठ मागतील. काहीतरी कर!"

मी केलं. हीच माझी खोड आहे. दोरीवरून बाबांचा पांढरा शर्ट ओढला, अर्धवट ओला, आणि दार ढकलून बाहेरच्या खोलीत गेलो. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून रांगत गेलो. खुर्चीपाशी पोचून शर्ट वर धरला आणि कुजबुजलो, "बाबा, शर्ट बदला."

बाबांनी न बघता मला पायाने बाजूला सारलं. "सरडा, उदाहरणार्थ," ते मुलांना सांगत होते.

"बाबा, तुम्ही दिसत नाही आहात!"

"तुझ्या वर्गात मी असाच दिसत नव्हतो तुला," ते ओठ न हलवता म्हणाले. "जा."

मग माझाही तोल गेला. कळवळून मदत करायला जावं आणि या माणसाने आत्ता, या घडीला, जुनं उकरून काढावं? मी ताडकन उभा राहिलो.

उभा राहिलो, तो भिंतीच्या पुढे. माझ्या अंगावर तो टी-शर्ट. त्याच्यावर छातीभर, पोटभर शिंतोडे. भिंतीच्याच रंगाचे.

मुलांनी जी किंकाळी फोडली ती मोबाइलमधून नाही, थेट भिंतींमधून आली असं आई अजून सांगते.

"सर! तो बघा! त्याला भोकं आहेत!"

"आरपार दिसतंय! खिडकी दिसतेय त्याच्यातून!"

"भूत आहे ते!"

"भूत नाही रे, चाळणी! चाळणीमाणूस!"

"कोण चाळणी?" बाबांनी विचारलं. आणि पहिल्यांदाच, शंका येऊन, त्यांनी नखाने तो कागदाचा तुकडा सोलून काढला.

बाबांनी स्वतःकडे बघितलं. हात वर केला. हात वर गेला. पोटावर ठेवला. पृथ्वीवर ठेवला गेला. मान तिरकी केली. त्यांच्या डोक्याशेजारी भोकाभोकांचा मी, हातात ओला शर्ट घेऊन.

मुलंसुद्धा थांबली. मला वाटलं, संपलं. आता हे कॉम्प्युटर बंद करतील, उठतील, आत जाऊन बसतील, आणि मग किती दिवस नुसतं मीठ, देव जाणे. मी शर्ट खाली घेतला.

बाबांनी घसा साफ केला.

"मुलांनो," ते म्हणाले, "आता नीट बघा. मी माझ्याच भिंतीत मिसळून गेलो आहे. शर्ट आहे, आत मी आहे, पण दिसत नाही. याला म्हणतात ब्लेंड इन. असं पूर्ण मिसळून गेलं की माणूस घरात आहे की नाही, हे घरच्यांनाही कळत नाही."

हे शेवटचं वाक्य कुठल्या पुस्तकात नसावं. मी खाली बघितलं.

"आणि हा जो इथे उभा आहे," बाबांनी अधांतरी हाताने माझा दंड पकडून मला पुढे ओढलं, "हा मिसळायचा प्रयत्न करतोय. पण बघा, थोडाच मिसळलाय. बाकीचा बाहेरच आहे. ही इज ट्राइंग टु ब्लेंड इन, बट ही कान्ट. म्हणा."

सगळ्या वर्गाने एका सुरात माझ्याबद्दलचं ते सत्य म्हटलं. बाबांनी दोनदा म्हणवून घेतलं. उच्चारासाठी.

मग एका मुलीने विचारलं, "सर, पण ब्लेंड इन होणं चांगलं की वाईट?"

"सरड्याला चांगलं," बाबा म्हणाले. मग पडद्यावर माझ्या भोकांकडे बघितलं. "माणसाला... माणूस थोडा बाहेर राहिला तरी चालतं, असं आपण तूर्त म्हणू. परीक्षेत विचारणार नाहीत."

मी बाबांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"सर, आणि ब्लेंड इनच्या उलट काय?"

"स्टँड आउट," बाबा म्हणाले. "म्हणजे चारचौघांत उठून दिसणे. थांबा, दाखवतो."

आणि त्यांनी शर्टाची बटणं सोडायला सुरुवात केली.

"सर, एवढं नको..." मॅडम म्हणाल्या. पण बाबा एकदा उदाहरणापर्यंत पोचले की त्यांना कुणी थांबवू शकत नाही. शर्ट उतरला, आणि फळा फोडून, पृथ्वी बाजूला सारून, वर्गाच्या मधोमध बाबांचं बनियन प्रकट झालं. पांढरंशुभ्र. काखेत उसवलेलं.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "नवीन आणलेली आहेत हो कपाटात!"

टाळ्या थांबेनात. आठवीतला हुशार मुलगा सगळ्यात जोरात वाजवत होता.

मॅडमचा फोन दुपारी आला. बाबांनी तो बनियनवरच घेतला. मॅडम म्हणाल्या, आजवरच्या चाचणीत पहिल्यांदाच एकही मूल मध्येच वर्ग सोडून गेलं नाही, उलट दोघांनी आपापल्या आज्यांना बोलावून आणलं. काम पक्कं. दर रविवारी एक फ्रेझल व्हर्ब. फक्त कंपनीच्या तीन अटी. भिंत तीच ठेवायची. बनियन घरच्यांपुरतं ठेवायचं. आणि मुलांनी चाळणीमाणूस पुन्हा मागितला आहे, तर त्याला प्रत्येक वर्गात आणायचं.

"तो टी-शर्ट धुवू नकोस," बाबा मला म्हणाले.

"मला रविवारी दुकान असतं," मी म्हणालो. कुणाच्या तरी तालावर नाचायचं नाही म्हणून मी कॉलेज सोडलं होतं. मला माझं काही म्हणणं आहे, माझा काही बाणा आहे. ते सगळं मी तिथे बोलून दाखवलं. आई ऐकत होती, काका ऐकत होते. बाबा शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "पुढच्या आठवड्यात ब्रेक डाउन आहे. म्हणजे कोलमडणे. तुला जमिनीवर पडायचंय."

जेवताना त्यांनी मीठ मागितलं नाही. दोन फ्रेझल व्हर्ब सांगितली आणि मीठ स्वतःच घेतलं.

संध्याकाळी आत्याचा फोन आला. काकांनी तिला आधीच सगळं कळवलं होतं (स्वतःचा अपमान वगळून). बाबांनी फोन स्पीकरवर टाकला. भावाला काम मिळाल्याचा आनंद करून झाल्यावर आत्या मुद्द्यावर आली.

"आणि मुलगा? अजून विचारच करतोय?"

मी कान टवकारले. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. शब्द दिला होता. शब्दाला ते पक्के आहेत, तेवढं मान्य करायला हवं.

"नाही," बाबा म्हणाले. "तो आता कामाला लागलाय. शिक्षणक्षेत्रात."

माझी छाती फुगली. भोकांसकट.

"अगंबाई! मास्तर झाला?"

"छे, मास्तर नाही," बाबा म्हणाले, आणि योग्य शब्द सापडेपर्यंत थांबले. "शैक्षणिक साहित्य."